हब्बा कदलचे घर कोणाच्या आठवणीतले खरे?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी मूळची श्रीनगरची, काश्मिरी पंडित कुटुंबातली. हब्बा कदल भागात आमचे घर होते. 1990 च्या हिवाळ्यात आम्ही ते सोडले तेव्हा मी आठ वर्षांची होते. शाळेला हिवाळी सुट्टी होती, आणि शाळा उघडायच्या आत आपण परत येणार असे गृहीत धरून मी दप्तर तिथेच ठेवले. त्यानंतर आम्ही दहा वर्षे जम्मूत भाड्याच्या एका खोलीत काढली. पुढे काश्मिरी विस्थापितांच्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर मला पुण्यात अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला, इथेच मराठी घरात लग्न झाले आणि आता माझा सगळा संसार मराठीत चालतो.

मला त्या घराविषयी लिहायचे आहे, निदान माझ्या मुलीसाठी. मात्र लिहायला बसले की सगळे अडते. मला खिडकीतून नदी दिसल्याचे आठवते. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा असलेला भाऊ म्हणतो की नदी आपल्या घरातून दिसतच नव्हती, ती आजोळच्या घरातून दिसायची. 19 जानेवारीच्या रात्रीच्या घोषणा मी स्वतः ऐकल्या की नंतर इतक्यांदा ऐकलेल्या हकिकतीमुळे मला तसे वाटते, हेही सांगता येत नाही. वडिलांनी दारावरची नावाची पाटी काढून फडताळात ठेवली, हे मात्र मी नक्की पाहिले आहे. शेजारच्या घरातली वृद्ध मुस्लिम बाई, जिला आम्ही देद म्हणत असू, तिच्या हातची गरम लवासा (पातळ काश्मिरी रोटी), आणि निघताना आईने तिच्याकडे सोपवलेल्या किल्ल्या मला आठवतात. 1996 मध्ये त्याच देदच्या मुलाने आमचे घर अगदी कमी पैशांत विकत घेतले. भाऊ म्हणतो, ‘ते याचीच वाट पाहत होते, तिच्याविषयी चांगले लिहिलेस तर ती आपल्या माणसांशी प्रतारणा होईल.’

2023 च्या उन्हाळ्यात आम्ही पर्यटक म्हणून काश्मीरला गेलो. मी त्या घरासमोर उभी राहिले. दारातल्या तरुणाने कुठून आलात असे विचारले आणि मी ‘पुण्याहून’ एवढेच म्हणाले. त्या उत्तराची मला आजही लाज वाटते. मुलीने शाळेच्या वहीत ‘आईचे गाव’ या रकान्यात काही लिहिलेच नाही. मी नेमकी कुठली, आणि मला लिहिण्याचा अधिकार आहे का?

— एक वाचक, पुणे

प्रिय वाचक,

दारात दिलेल्या उत्तराची लाज तुमच्या पत्रात सर्वांत खोल आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहिते. ते उत्तर खरे होते. तुम्ही पुण्याहूनच आला होतात. अनोळखी माणसासमोर त्याहून अधिक काही सांगणे तुम्हाला जमले नाही, यामागे भ्याडपणापेक्षा जुनी शिकवण आहे, आणि ती शिकवण तुम्हाला त्याच गल्लीत मिळाली होती. पंडित समाजातले वकील आणि भाजपचे नेते टिकालाल टपलू यांची 14 सप्टेंबर 1989 रोजी हब्बा कदल परिसरातच गोळ्या झाडून हत्या झाली, आणि पुढच्या काही आठवड्यांत, 4 नोव्हेंबरला, निवृत्त न्यायाधीश नीलकंठ गंजू यांना श्रीनगरमध्ये भरदिवसा मारण्यात आले. त्या महिन्यांत तुमच्या घरात मोठ्यांचे आवाज एकाएकी खाली आले असतील, दार उघडण्यापूर्वी कोण आहे ते पाहिले जाऊ लागले असेल, आणि पाटी काढून फडताळात ठेवणारे वडील मुलीच्या नजरेला पडले. आपण कोण हे दारावर लिहून ठेवू नये, हा धडा घेतलेली मुलगी तेहेतीस वर्षांनी त्याच दारासमोर आली आणि तिने तोच धडा पाळला. यात लाज वाटण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही, आणि हा प्रसंग तुम्ही जसा घडला तसा लिहावा, त्याला कोणतेही स्पष्टीकरण न जोडता, असे मी सुचवेन.

आता आठवणींच्या खरेपणाविषयी. तुमच्या पत्रात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत आणि तुमचे अडणे बहुतांशी त्या मिसळण्यातून आले आहे. काही गोष्टी तुम्ही पाहिल्या, काही तुम्हाला घरातल्यांनी सांगितल्या, आणि काही तुम्ही मोठेपणी वाचल्या. विस्थापित समाजात या तिन्हींची सरमिसळ इतरांपेक्षा फार लवकर होते, कारण घर सोडल्यानंतर घराविषयी बोलणे हेच घर उरते. जम्मूच्या उन्हाळ्यात एका खोलीत सात-आठ माणसे बसून तीच रात्र पुन्हा पुन्हा सांगतात, आणि ऐकणाऱ्या मुलाच्या मनात ती पाहिलेल्या गोष्टीइतकीच ठळक होते. 19 जानेवारी 1990 च्या रात्री श्रीनगरमध्ये मशिदींच्या ध्वनिक्षेपकांवरून आणि रस्त्यांवरून घोषणा झाल्या, त्यांत पंडितांना धमकावणाऱ्या घोषणाही होत्या, आणि त्या रात्रीनंतर पंडितांची घरे झपाट्याने रिकामी होऊ लागली, हे असंख्य लोकांनी सांगितले आहे. ते खरे ठरण्यासाठी तुम्ही जागे असण्याची गरज नाही. तुम्ही झोपला असाल तर ‘मी झोपले होते, आणि नंतर आई सांगायची’ असे लिहा. वाचणाऱ्याला त्या वाक्यातून जे कळेल ते उसन्या घोषणांतून कळणार नाही, कारण त्या रात्री हजारो घरांत मुलांना झोपवून मोठी माणसे जागी बसली होती आणि त्याविषयी लिहू शकणारी मुले आता तुमच्याच वयाची आहेत.

हाच नियम वाचलेल्या गोष्टींनाही लावा, आणि इथे मी थोडी आग्रही होणार आहे. 21 जानेवारी 1990 रोजी, म्हणजे त्या रात्रीनंतर दोनच दिवसांनी, तुमच्या घरापासून फार दूर नसलेल्या गावकदल पुलाजवळ सुरक्षा दलांनी मोर्चावर गोळीबार केला आणि त्यात अनेक निदर्शक मारले गेले. मृतांच्या संख्येवर आजही एकमत नाही. आठ वर्षांच्या मुलीला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते, त्यामुळे ते तिच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखे लिहू नका. मात्र आज लिहिणाऱ्या बाईला ते ठाऊक आहे आणि तिने ते वगळले तर तिची गल्ली अपुरी राहील. आकड्यांच्या बाबतीतही अशीच काळजी घ्या. जम्मू-काश्मीर सरकारने 2010 मध्ये विधानसभेत दिलेल्या माहितीनुसार 1989 नंतर खोऱ्यात 219 पंडित मारले गेले. पंडित संघटना याहून मोठा आकडा सांगतात. तुमच्या लेखनात आकडा द्यावाच लागला तर तो कोणाचा आहे हेही त्याच वाक्यात द्या. समाजमाध्यमांवर फिरणारा, दर वर्षी फुगत जाणारा आकडा वापरू नका, कारण एक आकडा खोटा निघाला की वाचक फडताळातल्या पाटीवरही शंका घेतो, आणि ती पाटी तुमच्याशिवाय कोणीही सांगू शकणार नाही.

खिडकीतली नदी मला या सगळ्यात सर्वांत कमी काळजीची वाटते. तेरा वर्षांच्या मुलाला घराचा नकाशा कळतो, आठ वर्षांच्या मुलीला कोणाच्या मांडीवर बसून काय पाहिले ते कळते. तुमच्या मनात आजोळची खिडकी आणि तुमचे घर एकत्र आले असणे अगदी शक्य आहे. भाऊ बरोबर असेल असे धरून चाला. पण व्यथ नदी, जिला आपण झेलम म्हणतो, तुमच्या घरात आलीच कशी, याचा विचार करा आणि आईला विचारा. कदाचित ज्या हिवाळ्यात तुम्ही आजोळी राहिलात तो आजारपणाचा असेल, कदाचित आणखी काही. चुकलेल्या आठवणीचा माग काढताना अनेकदा खऱ्या आठवणीपेक्षा जास्त हाती लागते. भावाचे म्हणणे खोडून काढू नका आणि स्वतःची नदी पुसूही नका. दोघांची विधाने एकाच परिच्छेदात, ज्याच्या त्याच्या नावाने, शेजारी शेजारी राहू द्या.

आता देद. तुमच्या पत्राचा सगळा भार या बाईवर आहे, त्यामुळे इथे घाई करून चालणार नाही.

तुमचा भाऊ जे म्हणतो ते निराधार नाही. खोरे सोडून गेलेल्यांची घरे आणि जमिनी त्या वर्षांत पडत्या किमतीला विकल्या जात होत्या, आणि ते इतके सर्रास होते की 1997 मध्ये राज्याच्या विधिमंडळाला विस्थापितांच्या स्थावर मालमत्तेच्या रक्षणासाठी आणि अडचणीतून होणाऱ्या विक्रीला आळा घालण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. त्या कायद्याने अशा मालमत्तेची देखरेख जिल्हाधिकाऱ्याकडे दिली आणि विक्रीसाठी सरकारी परवानगी बंधनकारक केली. तुमचे घर त्याच्या आदल्या वर्षी गेले. भाड्याची खोली, दोन मुलांची शिक्षणे, आणि परतण्याची आशा दर वर्षी कमी होत चाललेली, अशा अवस्थेत तुमच्या वडिलांनी कागदावर सही केली. घेणाऱ्याला ती अवस्था माहीत होती. हा अन्याय होता, आणि देद कितीही मायाळू असली तरी त्यामुळे तो कमी होत नाही.

तरीही तो व्यवहार मुलाने केला होता, आणि लवासा त्याच्या आईने दिली होती. त्या बाईला विक्री मान्य होती की नाही, तिला कोणी विचारले तरी का, तिने किल्ल्या सहा वर्षे जपल्या की पहिल्याच वर्षी कोणाच्या तरी हवाली केल्या, यातले काहीही तुम्हाला माहीत नाही. जे माहीत नाही ते भावाच्या रागाने भरू नका आणि स्वतःच्या जिव्हाळ्यानेही भरू नका. काश्मीरवर लिहिणाऱ्यांच्या हातून हे फार वेळा होते: एक प्रेमळ शेजारीण आली की ती सगळ्या खोऱ्याच्या बंधुभावाचा पुरावा होते, आणि एक लोभी शेजारी आला की सगळ्या समाजाचा गुन्हा त्याच्या माथी येतो. देदला यांपैकी कशाचीही साक्षीदार करू नका. हेरथच्या, म्हणजे तुमच्या महाशिवरात्रीच्या, दुसऱ्या दिवशी, ज्याला तुमच्याकडे सलाम म्हणतात, ती अक्रोड घ्यायला यायची का, आली तर कुठे बसायची, तुमच्या स्वयंपाकघरातले काय ती खायची आणि काय नाकारायची, तुम्ही तिच्या घरात कुठवर जात होता? शेजाराची मर्यादा आणि शेजाराची ऊब या दोन्ही अशा तपशिलांत असतात, आणि ती मर्यादाही लिहायला हवी, कारण गेल्या दिवसांविषयी बोलताना ती सर्वांत आधी विसरली जाते.

प्रतारणेच्या आरोपाविषयी मला स्पष्ट मत द्यायचे आहे. तुमच्या समाजावर जे ओढवले ते सांगण्यासाठी तुमच्या बालपणातल्या चांगल्या माणसांना कापून टाकण्याची अट कोणालाही घालता येणार नाही, भावालाही नाही. तुमच्या पत्रावरून वाटते की भाऊ हे दुखावलेपणातून म्हणतो. त्याने तेराव्या वर्षी जे पाहिले असेल ते तुमच्यापेक्षा जास्त आणि जास्त समजून पाहिले असेल. त्याला एकदा, वाद न घालता, त्याला काय आठवते ते विचारा आणि मध्ये बोलू नका. शक्य आहे की देदविषयीचा त्याचा राग हा मुळात वडिलांविषयीच्या दुःखाचा आहे, कारण सही वडिलांची होती.

यात कवी आगा शाहिद अली यांची आठवण होते. श्रीनगरमध्ये वाढलेले, नंतर अमेरिकेत स्थायिक झालेले आणि 2001 मध्ये तिथेच वारलेले हे काश्मिरी मुस्लिम कवी, इंग्रजीत लिहीत. 1990 च्या दशकात त्यांनी निघून गेलेल्या पंडिताला उद्देशून एक कविता लिहिली, आणि एका पातळीवर ते काश्मिरी मुस्लिमाने काश्मिरी पंडिताला लिहिलेले प्रेमपत्र आहे, असे त्या कवितेविषयी त्यांनीच नोंदवले. ते खोऱ्यातल्या संचारबंदीविषयी, मारल्या गेलेल्या मुलांविषयी लिहीत होते आणि त्याच पानांत त्यांना तुमची रिकामी घरेही दिसत होती. तुम्ही दुसऱ्या काठावरून लिहाल. तुमच्या पानांत रिकामे घर मध्यभागी असणार आणि तसेच असायला हवे. त्या घरातून देदची खिडकी दिसत असेल तर ती झाकू नका, एवढेच माझे म्हणणे आहे. 1990 नंतर त्या खिडकीमागेही संचारबंदी, झडती आणि प्रेतयात्रा आल्या असतील. त्यांची नोंद घेतल्याने तुमच्यावर झालेल्या अन्यायाचे वजन घटत नाही.

अधिकाराचा प्रश्न तुम्ही विचारला आहे. माझ्या मते तो तुमच्यापुढे दुसऱ्यांनी उभा केला आहे. कार्यालयात, सासरच्या समारंभात, दूरचित्रवाणीवर वाद सुरू असताना लोक तुमच्याकडे वळून ‘तुम्हीच सांगा, नेमके काय झाले होते’ असे म्हणत असतील, आणि तुम्हाला एका समाजाच्या वतीने बोलावे लागत असेल. तेवढा अधिकार आपल्याला नाही असे तुम्हाला वाटते, आणि ते बरोबर आहे. तो कोणा एकालाच नसतो. पण आठ वर्षे एका घरात राहिलेल्या मुलीच्या वतीने बोलण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाही मिळू शकत नाही. ज्यांनी जम्मूजवळच्या मुठी आणि नगरोटाच्या विस्थापित छावण्यांत तंबूत उन्हाळे काढले त्यांचे हाल तुमच्या भाड्याच्या खोलीहून अधिक होते, हे तुम्ही जाणता म्हणून कदाचित आणखी संकोचता. तो संकोच लेखनात राहू द्या. भाषेची चिंता तर सोडूनच द्या: तुम्ही मराठीत विचार करता, तेव्हा मराठीतच लिहा, आणि घरातल्या जागांची नावे, लाकडी सज्जाला डब आणि देवघराला ठोकुर कुठ, जशी आई म्हणते तशीच ठेवा.

मुलीच्या रिकाम्या रकान्याविषयी मला तुमच्याइतके वाईट वाटले नाही. तिला उत्तर माहीत नव्हते असे मला वाटत नाही. आईला त्या प्रश्नाने काय होते हे तिला माहीत असावे. तिला श्रीनगर लिहायला सांगा, शेजारी पुणेही. तुमच्या घरात वर्षातून एकदा या दोन्ही गोष्टी आपोआप एकत्र येतात, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. नवरेह, म्हणजे काश्मिरी पंडितांचे नववर्ष, आणि गुढीपाडवा एकाच तिथीला, चैत्र शुद्ध प्रतिपदेला असतात. आदल्या रात्री तांदूळ, अक्रोड, दही, नाणे, लेखणी, आरसा आणि नवे पंचांग असा थाळ मांडून पहाटे डोळे उघडताच तो पाहायचा, ही तुमची रीत; गुढी त्यानंतर उभारता येते. तुम्ही हे आधीपासून करत असाल तर मुलीला त्याचे कारण सांगा, आणि लग्नानंतर ते सुटले असेल तर पुन्हा सुरू करा. त्यासाठी तिला काश्मीरचा इतिहास आधी सांगावा लागत नाही.

पुन्हा जावे का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण विचारणार आहात असे वाटते. गेलात तर ज्येष्ठ अष्टमीला तुलमुल्लच्या खीर भवानीला जा. खोऱ्याबाहेर गेलेले पंडित त्या दिवशी तिथे मोठ्या संख्येने जमतात आणि मंदिराबाहेर फुले, दूध, पणत्या विकणाऱ्यांत स्थानिक मुस्लिम असतात. तिथे तुम्हाला कुठून आलात असे विचारले गेले तर तो प्रश्न जवळपास प्रत्येकालाच विचारला जात असेल आणि दिल्ली, जम्मू, पुणे अशी उत्तरे मिळत असतील. हब्बा कदलच्या दारात पुन्हा उभे राहण्याचे बंधन मात्र स्वतःवर घालून घेऊ नका.

संत कवयित्री लल देदच्या वाखांतील, म्हणजे छोट्या पदांतील, एक तुमच्या आईला बहुधा पाठ असेल: कच्च्या सुताने मी समुद्रात नाव ओढते आहे, न भाजलेल्या मातीच्या भांड्यातून पाणी झिरपावे तशी मी विरते आहे, घरी जावे अशी जिवाला ओढ आहे. चौदाव्या शतकातली ही स्त्री काश्मीर सोडून कुठेही गेलेली नव्हती आणि तिचे घर वेगळे होते. सहाशे वर्षे हे वाख पंडितांच्या आणि मुस्लिमांच्या घरांत तोंडी राहिले, आणि 1990 नंतर जम्मूच्या खोल्यांत त्यांना जो अर्थ आला तो तिच्या मनातही आला नसेल. आईला ते म्हणायला सांगा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.

खरे तर लेखनाच्या आधी हेच काम करा, कारण आईचे वय झाले असेल आणि बाकी सगळे थांबू शकते. वडिलांचे कागद उर्दू लिपीत असतील, तर ते वाचणारे माणूस शोधणे हेही आई आहे तोवरच सोपे आहे. अक्षर कोणाचे आणि उल्लेख कोणाचा, हे तीच सांगेल. तिच्याशी बोलताना मात्र 1990 पासून सुरुवात करू नका. त्या वर्षाविषयी तिने इतक्यांदा सांगितले आहे की शब्द ठरून गेले असतील. ती लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा कोणत्या मजल्यावर कोण राहत होते, हिवाळ्यासाठी वांगी आणि दुधी वाळवून होख स्यून करताना सासू काय सांगायची, कांगडीचे, त्या ऊब घ्यायच्या छोट्या शेगडीचे, कोळसे कोण आणायचे, देदशी तिची पहिली गाठ कशी पडली, हे विचारा. ती 1990 वर येईल तेव्हा येईल, आणि एखाद्या दिवशी आलीच नाही तरी रेकॉर्डिंग बंद करू नका.